एक कनेक्शन, दहा तोंडं

चार तास चालणारी स्क्रिप्ट कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. रात्री अकराला सुरू होते, तीनला संपते, सकाळी आकडे जागच्या जागी असतात. तिचे दिवस फिरतात ते एखाद्या मीटिंगमध्ये तिची कीर्ती मॅनेजरच्या कानावर गेल्यावर. "चार तास? एवढं करते काय ती?" याचं खरं उत्तर असं, की ती फारसं काही करतच नाही. ती वाट बघते. डेटाबेसला एक प्रश्न विचारते, उत्तर येईपर्यंत बसून राहते, उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारते आणि पुन्हा बसते. पगार घेऊन हेच करणारी चार-दोन माणसं त्याच खोलीत हजर असल्यामुळे हे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही.

मग टेबलाच्या पलीकडून सल्ला येतो, "थ्रेड्स टाक ना!"

हा सल्ला देणारा माणूस स्वतः त्या स्क्रिप्टला कधीच हात लावणार नसतो, आणि ती बिघडेल त्या दिवशी तो हमखास रजेवर असतो. पण सल्ला चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. जिला मुख्यतः वाटच बघायची आहे, तिने एकाच वेळी दहा ठिकाणी वाट बघावी, हे तर्काला धरून आहे. त्यातून पायथनमध्ये सोय इतकी चोख, की मोह आवरत नाही. २०११ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपासून थ्रेडपूल एक्झिक्युटर नावाचं प्रकरण भाषेबरोबरच मिळतं. दोन-तीन ओळी लिहिल्या की एका स्क्रिप्टचे दहा थ्रेड होतात आणि लिहिणाऱ्याला आपण मोठे इंजिनिअर झाल्याचा भास होतो.

या थ्रेड्सची एक खोड आहे. प्रोग्रॅममधली प्रत्येक वस्तू त्यांना दिसते, आणि जी दिसते तिला ते हात लावतात. फाइलच्या अगदी वर, इम्पोर्टच्या ओळी संपल्या रे संपल्या की, कोणीतरी फार पूर्वी डेटाबेसचं कनेक्शन उघडून ठेवलेलं असतं. (पासवर्डही तिथेच, उघड्यावर, लिहिलेला असतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आता थ्रेड दहा आणि कनेक्शन एक. इथे आपल्यातला मध्यमवर्गीय जागा होतो. नवं कनेक्शन उघडायचं म्हणजे आधी टीसीपीचा रामराम, मग टीएलएसची चौकशी, मग युजरनेम-पासवर्डची तपासणी. एवढं सगळं दहा वेळा? हाताशी चांगलं धडधाकट कनेक्शन चालू असताना? छे, छे! त्यातच भागवू.

आणि भागतंही. लॅपटॉपवर दोन थ्रेड, पाच रेकॉर्ड आणि डेटाबेसही त्याच लॅपटॉपवर असतो. एकाचं उत्तर इतक्या चटकन येतं, की दुसऱ्याला मध्ये तोंड घालायला फटच मिळत नाही. "लोकलला चालतंय" असं म्हणून स्क्रिप्ट शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर चढते. अशा स्क्रिप्टांना शुक्रवार संध्याकाळखेरीज दुसरा मुहूर्त सापडल्याचं ऐकिवात नाही.

एका कनेक्शनवर दहा जणांनी कसं नांदावं, हे खरं तर आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मोबाइल यायच्या आधी व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढे 'पी.पी.' असं छापलेलं असायचं. म्हणजे फोन शेजारच्या काकांचा आणि नंबर आपला. अख्खी चाळ त्या एका काळ्या फोनवर निभावून न्यायची आणि घोटाळा व्हायचा नाही. एक जण बोलतोय तोवर बाकीचे दाराबाहेर थांबत. बाहेरून फोन आला की काकाच उचलत, कोणाला हवाय ते विचारत आणि मग गॅलरीतून हाक मारत. आता अशी कल्पना करा, की काकांनी रिसीव्हर खोलीच्या मधोमध ठेवला आणि दहाही बिऱ्हाडं एकदम त्यात बोलू लागली. एकाला गॅसच्या सिलिंडरसाठी नंबर लावायचाय, दुसऱ्याला मुलाकडची मंडळी मुलगी बघायला कधी येतात ते विचारायचंय. पलीकडून आवाज येतो, "मंगळवारी चौघे जण येतोय." जो जवळ उभा आहे तो ते आपलंच उत्तर समजून घरी जातो. मंगळवारी एका घरात गॅसवाल्यासाठी कांदेपोहे तयार असतात आणि दुसऱ्या घरात मुलाकडच्यांपुढे रिकामा सिलिंडर आणून ठेवतात.

स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होतं. सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ या नावाने प्रसिद्ध झालेली टीसीपीची व्यवस्था बाइट्सचा एक ओघ इकडून तिकडे पोचवते. आधी निघालेला बाइट आधी हातात पडेल, एवढीच तिची हमी. तो कोणत्या थ्रेडने सोडला, कुठे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू झालं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. मायएसक्यूएलने त्यावर आपली शिस्त बसवली आहे. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ४ बाइट असतात; त्यातले ३ लांबी सांगतात आणि १ अनुक्रमांक. आज्ञा जाते, तिचं संपूर्ण उत्तर येतं, आणि पुढच्या आज्ञेला अनुक्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पॅकेटवर क्रमांक आहे, नाव नाही. हे उत्तर कोणाच्या प्रश्नाचं, ते लिहायला जागाच ठेवलेली नाही, कारण पलीकडून एका वेळी एकच जण बोलणार हे गृहीत धरलेलं आहे. त्या सज्जन गृहीतकावर आपण दहा थ्रेड सोडतो.

मग लॉगमध्ये तक्रारी उमटू लागतात. पायमायएसक्यूएल ही लायब्ररी म्हणते, "पॅकेट सीक्वेन्स नंबर राँग." म्हणजे मी पहिल्या पॅकेटची वाट बघत होते आणि हातात पडलं ते कोणाच्या तरी उत्तराचं मधलंच पान. लायब्ररी बदलली तर एरर २०१४ येते, "कमांड्स आउट ऑफ सिंक." कधी २०१३ येते, क्वेरी चालू असतानाच कनेक्शन हरवल्याची. आणि सगळ्यांत हृदयद्रावक ती २००६, सर्व्हर निघून गेल्याची. तो कुठे गेला, का गेला, जेवून येणार की नाही, काहीही सांगत नाही. ही शेवटची मात्र दर वेळी थ्रेड्सच्या माथी मारू नये. मायएसक्यूएलच्या वेट टाइमआउटची मूळ किंमत २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ८ तास असते. आठ तास कोणी अवाक्षर काढलं नाही की सर्व्हर लाइन तोडून टाकतो. ऑफिसात हा नियम लावला तर संध्याकाळपर्यंत किती लोक उरतील, हा विचार इथे सोडून देऊ.

तक्रारी आल्या की उपचार सुरू होतात. उपचारांचा क्रम सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. पहिला उपचार रीस्टार्ट. दुसरा, प्रत्येक क्वेरीनंतर एक सेकंद स्लीप. वेग वाढावा म्हणून थ्रेड आणले आणि थ्रेड सुखाने नांदावेत म्हणून त्यांना झोपवलं, यातली विसंगती कोणाला जाणवत नाही. तिसरा, सगळ्या कोडभोवती ट्राय-एक्सेप्ट घालून एरर गिळणं आणि पुन्हा प्रयत्न करणं. याने लॉग स्वच्छ होतो. बाकी काही होत नाही. चौथा उपचार सर्वांत मजेशीर. "प्रिंट टाकून बघ जरा." प्रिंट टाकली की स्क्रिप्ट सुतासारखी सरळ चालते. कारण प्रिंटलाही वेळ लागतो, त्या वेळात थ्रेड्स मागेपुढे होतात आणि टक्कर टळते. प्रिंट काढली की पुन्हा टक्कर. बघायला गेलं की लपणाऱ्या अशा दोषाला या धंद्यात हायझेनबग म्हणतात, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरून. शेवटी कंटाळून ती प्रिंट तशीच ठेवली जाते आणि तिच्या शेजारी कॉमेंट येते, "ही ओळ काढू नये." कोणत्याही जुन्या कोडमध्ये ही कॉमेंट सापडतेच. ती कोणी लिहिली ते कळत नाही, आणि ती ओळ काढून बघायचं धाडसही कोणी करत नाही.

या टप्प्यावर एक विद्वान उभा राहतो. तो म्हणतो, "पायथनमध्ये जीआयएल असतो. एका वेळी एकच थ्रेड चालतो. त्यामुळे हा प्रॉब्लेम येऊच शकत नाही." समोर प्रॉब्लेम आलेला असताना तो येऊ शकत नाही असं सांगायला जो आत्मविश्वास लागतो, तो अर्धवट वाचनातूनच मिळतो. जीआयएल हे कुलूप खरं आहे, पण ते इंटरप्रिटरने स्वतःच्या आतड्यांसाठी लावलेलं आहे, तुमच्या संभाषणासाठी नव्हे. शिवाय थ्रेड नेटवर्कच्या उत्तराची वाट बघू लागला की पायथन ते कुलूप काढून दुसऱ्या थ्रेडच्या हातात देतं. नाहीतर थ्रेड्सचा उपयोग काय? म्हणजे पहिला नेमका प्रश्न विचारून कान टवकारून बसलेला असताना दुसऱ्याला मोकळीक मिळते, आणि तो थेट त्याच कनेक्शनकडे धावतो. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये जीआयएलशिवाय चालणारी प्रायोगिक आवृत्तीही निघाली आहे. त्यामुळे या विद्वानांना पुढच्या काही वर्षांत नवं वाक्य शोधावं लागणार.

एरर येते तोवर माणसाने देवाचे आभार मानावेत. खरी वाट लागते ती एरर न येता. कमिट आणि रोलबॅक या दोन्ही गोष्टी कनेक्शनच्या असतात, थ्रेडच्या नाहीत. एका थ्रेडने खात्यातून पैसे वजा केले आहेत आणि दुसऱ्या खात्यात जमा करायचे बाकी आहेत. तेवढ्यात दुसरा थ्रेड आपलं काम उरकून ऐटीत "कमिट" म्हणतो. झालं, पहिल्याचं अर्धवट कामही पक्कं झालं. उलट, तिसऱ्याला कुठेतरी चूक सापडते आणि तो प्रामाणिकपणे "रोलबॅक" म्हणतो. चौथ्याने नुकतेच घातलेले रेकॉर्ड त्याबरोबर वाहून जातात. चौथ्याला पत्ताही नसतो. तो लॉगमध्ये 'सक्सेस' असं लिहून मोकळा झालेला असतो.

तीच गत नव्या रेकॉर्डच्या क्रमांकाची. रेकॉर्ड घातल्यावर "शेवटचा क्रमांक कोणता पडला?" असं मायएसक्यूएलला विचारता येतं. सर्व्हर हा हिशेब प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळा ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनवर कितीही रेकॉर्ड पडले तरी तुमच्या उत्तराला धक्का लागत नाही. फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. तिच्यावर बोळा फिरवायचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे सगळ्यांनी एकच कनेक्शन वापरणं. तसं केलं की एकाच्या ऑर्डरला दुसऱ्याच्या ग्राहकाचा क्रमांक चिकटतो, साड्या मागवणाऱ्या बाईंना ड्रिल मशिन जातं, आणि स्क्रिप्ट रात्री साडेअकरालाच संपल्यामुळे टीमला शाबासकी मिळते.

शेवटी कोणीतरी जाणता म्हणतो, "लॉक लावा." एका वेळी एकानेच आत जायचं, हा प्रश्न एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ साली रीतसर मांडून सोडवला. त्यानंतर तो प्रत्येक ऑफिसात नव्याने, आणि त्याच्याहून वाईट रीतीने, सोडवला जातो. कोणी क्वेरी पाठवण्याच्या ओळीभोवती लॉक लावतो आणि उत्तर वाचण्याची ओळ बाहेर ठेवतो. म्हणजे विचारताना रांग आणि उत्तर घेताना पुन्हा झुंबड. लॉक लावायचं तर प्रश्न, उत्तर आणि कमिट या सगळ्याला मिळून लावावं लागतं. कोणी लॉक घेतो, मध्येच एक्सेप्शन येतं आणि तो लॉकसकट गडप होतो. उरलेले नऊ थ्रेड अत्यंत सभ्यपणे थांबून राहतात. एरर नाही, लॉग नाही, सीपीयू शून्यावर. "स्क्रिप्ट हँग झालीय." पायथनमध्ये विथ लिहिलं की एक्सेप्शन आलं तरी लॉक आपोआप सुटतो, पण विथ लिहायची आठवण होते ती हँग झाल्यानंतर.

आणि लॉक अगदी बिनचूक लावलं तर? तर दहा थ्रेड एका कनेक्शनपुढे शिस्तीत रांग लावतात, एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा, आणि स्क्रिप्टला चार तास लागतात. वर लॉकची देवघेव म्हणून थोडा वेळ जास्त. आता फक्त आर्किटेक्चर आधुनिक झालेलं असतं.

म्हणून शहाणे लोक प्रत्येक थ्रेडला त्याचं त्याचं कनेक्शन देतात, किंवा पूलमध्ये मोजकी कनेक्शन्स ठेवून लागेल तसं एकेक देतात आणि काम झालं की परत घेतात. हा उपाय सरळ, जुना आणि खात्रीचा आहे, त्यामुळे त्यातही अतिरेक करणं भाग पडतं. कोणीतरी थ्रेडचा आकडा १० वरून ५०० वर नेतो, कारण दहाने एवढा फरक पडला तर पाचशेने किती पडेल! मायएसक्यूएलमध्ये एका वेळच्या कनेक्शनांची मूळ मर्यादा १५१ आहे. आकडा गणपतीच्या वर्गणीचा वाटतो, पण खरोखरच तेवढी आहे. पोस्टग्रेसमध्ये ती १०० असते. मर्यादा भरली की एरर १०४०, "टू मेनी कनेक्शन्स." मायएसक्यूएल या मर्यादेवर एक जागा गुपचूप शिल्लक ठेवतो, ती अॅडमिनसाठी, म्हणजे गर्दी झाली की त्याला आत येऊन लोकांना बाहेर काढता यावं. सर्व्हर बनवणाऱ्यांना आपण कोण आहोत याची पुरेपूर कल्पना होती, याचा याहून मोठा पुरावा नाही.

कनेक्शन एकच ठेवायचं असेल, तर रस्ता काकांचा. एकच थ्रेड कनेक्शनचा मालक करायचा. बाकीच्यांनी कनेक्शनला हातही लावायचा नाही. आपलं काम चिठ्ठीवर लिहून, उत्तर कुठे द्यायचं ते नोंदवून, क्यूमध्ये टाकायचं. मालक एकेक चिठ्ठी उचलणार, पलीकडे बोलणार, उत्तर ज्याचं त्याला देणार. पायथनच्या क्यूमध्ये लॉकची व्यवस्था आतूनच केलेली असते, त्यामुळे चिठ्ठ्या टाकणाऱ्यांची धक्काबुक्की होत नाही. फक्त लिहायचं काम असेल, नोंदी नुसत्या ओतायच्या असतील, तर याच्याइतकी निर्धास्त रचना नाही. सगळ्यांत जास्त काम मालकाला पडतं आणि कौतुक कोणी करत नाही, पण ते काकांचंही कोणी केलं नव्हतं.

काही प्रोटोकॉल मुळातच सावध आहेत. मेल वाचायच्या आयमॅपमध्ये प्रत्येक आज्ञेपुढे खुणेची अक्षरं लावावी लागतात आणि तिच्या निकालावर तीच खूण परत येते. एसएसएचमध्ये एका जोडणीत अनेक चॅनेल निघतात, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. २०१५ साली प्रमाण ठरलेल्या एचटीटीपी/२ मध्ये प्रत्येक तुकड्यावर प्रवाहाचा क्रमांक लिहिलेला असतो. ब्राउझरने सुरू केलेल्या प्रवाहांना विषम क्रमांक, सर्व्हरने सुरू केलेल्यांना सम. तिथे एका तारेवर अनेकांची बोलणी चालतात, कारण प्रत्येक उत्तरावर पत्ता आहे. ती सोय मायएसक्यूएलच्या तारेवर गृहीत धरणं हा निव्वळ आशावाद.

काही भाषा तर तोंडावर नकार देतात. २००२ साली पर्ल ५.८ मध्ये आलेले थ्रेड जन्मताच सगळ्या डेटाची स्वतःसाठी नक्कल करून घेतात, आणि उघडा सॉकेट शेअर्ड व्हेरिएबलमध्ये ठेवायला गेलात तर ते सरळ फेटाळतात. पर्लची कागदपत्रंच सांगतात, की हे थ्रेड वापरू नयेत हे बरं. पायथनमधलं एसक्यूलाइटसुद्धा, नेटवर्कशी संबंध नसताना, एका थ्रेडने उघडलेलं कनेक्शन दुसऱ्याने वापरलं की स्पष्ट शब्दांत तक्रार करतं. त्यावर लोकांचा उपाय ठरलेला आहे. 'चेक सेम थ्रेड' नावाचा एक पर्याय फॉल्स केला की तक्रार बंद होते. लॉक लावणं तुमच्यावर सोडलं, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तेवढाच भाग कोणी वाचत नाही.

गंमत म्हणजे पायथनच्या डेटाबेस लायब्ररींनी कसं वागावं हे १९९९ सालच्या पीईपी २४९ मध्ये लिहून ठेवलंय. प्रत्येक लायब्ररीने 'थ्रेडसेफ्टी' नावाचा एक आकडा जाहीर करायचा. ० म्हणजे थ्रेड्सनी लायब्ररीसुद्धा वाटून घेऊ नये. १ म्हणजे लायब्ररी घ्या, कनेक्शन नको. २ म्हणजे कनेक्शनही चालेल. ३ म्हणजे कर्सरसुद्धा. पायमायएसक्यूएलचा आकडा १ आहे, पोस्टग्रेसच्या सायकोपीजी२ चा २. एवढी स्वच्छ पाटी लावलेली असताना आपण लॉग उपसत बसतो, कारण लॉग उपसणं हे काम दिसतं आणि पाटी वाचणं हे काम दिसत नाही.

तेव्हा थ्रेड टाकण्याआधी तो आकडा छापून बघा. ० आला तर थ्रेडचा नाद सोडा. १ आला तर कनेक्शन उघडण्याची ती वरची ओळ उचलून थ्रेडच्या फंक्शनमध्ये न्या. २ आला तरी हुरळून जाऊ नका, कारण व्यवहार अजूनही सगळ्यांचा मिळून एकच आहे. कमिट कोण म्हणणार ते आधी ठरवा. थ्रेड मोजके ठेवा आणि सर्व्हरच्या मर्यादेत राहा. जास्तीची नऊ कनेक्शन्स उघडायला फार तर काही सेकंद लागतात. ती वाचवल्याचा खर्च किती, ते सोमवारी सकाळी अकाउंट्स खात्याचे लोक स्वतः येऊन सांगतात.